तानूबाईच्या आईचं लुगडं

१९ एप्रिल, शुक्रवार. सकाळी नऊलाच ऊन कडक. वारा अजिबात नाही, आभाळ धुरकट.

“मग खरं दिसायला काय लागतं, मास्तर?”

केतकी रणभिसे यांनी हे उंबऱ्यातच विचारलं. अजून चपला काढल्या नव्हत्या. छातीशी एक गाठोडं धरलेलं होतं.

जैनूमास्तरांनी चाचपून स्टूल पुढे सरकवलं आणि मला चहा टाकायला सांगितलं.

मास्तर एक्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी नाटक मंडळ्यांचे कपडेपट सांभाळले. म्हणजे कपडे शिवायचे, जपायचे आणि प्रयोगाआधी नटांच्या अंगावर चढवायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. मिरजेतल्या त्यांच्या दुकानात आता मशीन मी चालवतो. कापड ते बोटांनी बघतात.

केतकीबाई मुंबईच्या. चित्रपटांची वेशभूषा करतात, दोनदा बक्षीसही मिळालं आहे. आताचा चित्रपट बाहत्तरच्या दुष्काळावरचा. त्यातली नायिका रस्त्याच्या कामावर खडी फोडते. तिच्यासाठी बाईंनी सात लुगडी तयार केली. चहाच्या पाण्यात बुडवली, दगडावर घासली, उन्हात वाळत टाकून विटवली. दिग्दर्शकाने सातही परत पाठवली. कपडे दिसतात, बाई दिसत नाही, असा निरोप होता. चित्रीकरण सोमवारी सकाळी सुरू. तोवर जमलं नाही तर दुसरा माणूस तयार आहे.

एक काम जाईल याची त्यांना धास्ती नव्हती. मार्चमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी मास्तरांना सांगितलं होतं, की गेलं वर्षभर कुठलंही कापड बघितलं तरी आत काही हलत नाही. सगळं आधी बघितलेलं वाटतं. हे लुगडं जमलं नाही तर ही विद्याच कायमची सोडायची, असं ठरवून त्या आल्या होत्या.

तेव्हा दुष्काळी कामांवरच्या बायकांचे फोनमधले फोटो त्यांनी मोठ्या अभिमानाने मोजून सांगितले होते. सोळाशे. जुनी मासिकं, सरकारी दप्तरं, तीन ग्रंथालयं पालथी घातलेली.

“सोळाशे बायका,” मास्तर म्हणाले होते. “एकीचं तरी नाव ठाऊक आहे?”

बाईंना एकीचंही ठाऊक नव्हतं.

“मग त्यातल्या एकीकडे जा. त्या कामावर नेसलेलं एक लुगडं हाताला लागेस्तोवर येऊ नको. विकत घ्यायचं नाही. मागायचं.”

बाई गेल्या. जतच्या पूर्वेला अकरा दिवस गावोगाव फिरल्या. बायका हसल्या. पन्नास वर्षांची चिंधी कोण ठेवतंय, म्हणाल्या. एकीने विचारलं, एवढा मोठा फोन हातात अन् फाटकी लुगडी मागत फिरतीस, नवऱ्यानं हाकललं का? अकराव्या दिवशी एका वस्तीवर तानूबाई नावाच्या बाई भेटल्या. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांची आई खडीच्या कामावर होती. नऊ वर्षांपूर्वी वारली. तिचं एक लुगडं पत्र्याच्या पेटीत, धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. तानूबाईंनी ते काढून दिलं. आठ दिवसांत आणून दे, एवढंच म्हणाल्या.

आज पाचवा दिवस.

केतकीबाईंनी गाठोडं सोडून लुगडं मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. मास्तर ताठ बसले. त्यांनी दोन्ही हात आधी स्वतःच्या सदऱ्याला पुसले.

मग बोटं चालू लागली. काठ, पदर, पुन्हा काठ. मधोमध येऊन थांबली.

“दंड आहे,” मास्तर म्हणाले.

लुगडं मध्यावर विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवायची, याला दंड घालणं म्हणतात. केतकीबाईंनी तो पाहिला होता, पण त्याचं त्यांना विशेष वाटलं नव्हतं. सोळाशे फोटोंत कुठेच दंड नाही, असं त्या म्हणाल्या.

“कसा असेल? नेसताना तो निऱ्यांत जातो. तू ठिगळं कुठे लावलीस?”

“खांद्यावर. पदरावर. दिसायला हवीत ना ती.”

“गरिबाचं ठिगळ दिसण्यासाठी नसतं, बाई.”

केतकीबाईंचा चहा तसाच राहिला.

मास्तरांनी दंडाच्या टाक्यांवरून अंगठ्याचं नख हळूहळू फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग मला बोलावून टाक्यांचा कल बघायला सांगितला. कल उलटा होता. टाका डाव्या हाताने घातलेला.

“डावखुरी,” मास्तर म्हणाले. “हातोडी डाव्या हातात. मग पोर कुठे असेल?”

त्यांनी कापडाची एक जागा चिमटीत धरली. तिथे सूत जाळीसारखं विरलं होतं.

“इथे. उजव्या कमरेवर. खडी फोडताना पोर कडेवर होतं. उतरवलं की रडत असणार.”

“तानूबाई,” केतकीबाई म्हणाल्या. “त्याच असतील. त्या दोन वर्षांच्या होत्या तेव्हा.”

त्यांचा आवाज बदलला होता. स्टुलावरून उठून त्या खाली जमिनीवर, मास्तरांच्या पायाशी येऊन बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी दिसतंय मास्तर, असं म्हणाल्या. आपण केलेल्या लुगड्याला दंड डाव्या हाताने घालायचा, कमरेपाशी सूत काढायचं, ठिगळं सगळी काढून टाकायची. रविवारपर्यंत होईल. त्यांनी मला विचारलंसुद्धा, दंडाचे टाके तुम्ही घालाल का. मी हो म्हणालो.

मास्तर हसत होते. हसताहसता त्यांनी लुगडं उचलून नाकाशी नेलं.

हसणं थांबलं.

त्यांनी पदर हुंगला. काठ हुंगला. विरलेली जागा पुन्हा शोधून ती नाकाशी धरली. बराच वेळ.

“धुतलंस?”

“हो. पण मशीनमध्ये नाही, मास्तर. रिठ्याच्या पाण्यात, हाताने. सावलीत वाळवलं. एक सूत तुटू दिलं नाही.”

“का धुतलंस?”

बाईंना प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. कापड मळलेलं होतं, त्याला वास होता. मास्तरांच्या मांडीवर तसं कसं ठेवायचं? शिवाय ते दुसऱ्याचं. आईने लहानपणापासून शिकवलेलं, की कुणाकडून मागून आणलेलं वस्त्र धुऊन परत द्यावं. मळकं देऊ नये.

“बरोबर शिकवलंय,” मास्तर म्हणाले.

त्यांनी लुगडं पुन्हा मांडीवर ठेवलं.

“नऊ वर्षं पेटीत होतं. तानूबाईंच्या घरी पाणी नव्हतं?”

केतकीबाईंच्या चेहऱ्यावरून त्यांना उमगलं असावं असं मला वाटलं. पण मग त्यांनी घाईने फोन काढला. धुण्याआधी मी सगळे फोटो घेतलेत मास्तर, म्हणाल्या. एकशेचाळीस. प्रत्येक डाग, घामाची प्रत्येक रेघ. पदराच्या टोकाला हळदीची बोटं होती, तीसुद्धा आहेत.

मास्तरांनी हात पुढे केला.

बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी काचेवरून बोटं फिरवली, लुगड्यावरून फिरवली होती तशीच, काठापासून. उलटा करून पाठ चाचपली. मग फोन नाकाशी नेला.

त्यांनी तो परत दिला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगितलं नव्हतं मला, त्या म्हणाल्या. धुऊ नको असं तानूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत.

“सांगावं लागेल असं तिला वाटलं नसेल.”

“मी काय करू आता?”

“परत दे.”

सोमवार झाला की देते, असं बाई म्हणाल्या. आठ दिवसांचा वायदा आहे, अजून तीन उरलेत. तोवर दंड बघून बघून शिवता येईल. मास्तरांनी मान हलवली नाही. मग बाईंनी भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर आजच पाठवण्याची तयारी दाखवली, सोबत दोन नवी नऊवारी.

“साडी नको. ड्रायव्हर नको. तू जा. आज.”

आणि मला म्हणाले, “तूही जा. हिला वस्तीची वाट सापडेल, बोलायची सापडायची नाही.”

बाराला निघालो. गाडीत बाई एकदाच बोलल्या. माझी आई गेली तेव्हा मी तिचे कपडे दुसऱ्याच दिवशी वाटून टाकले होते, म्हणाल्या. सगळे इस्त्री करून.

पावणेतीनला पोचलो. तानूबाई दारात शेंगा फोडत होत्या. सून आत होती. लवकर आलीस की गं, काम झालं का, असं विचारून त्यांनी हात पुसले आणि गाठोडं घेतलं. धोतराची गाठ सोडली. लुगडं वर काढलं आणि बघायच्या आधी तोंडाशी नेलं.

मी दुसरीकडे बघितलं. पुन्हा पाहिलं तेव्हाही लुगडं तिथेच होतं.

केतकीबाई म्हणाल्या, चुकले मावशी. मला ठाऊक नव्हतं. पुढचं त्यांना सांगता येईना. मग मी सांगितलं, काय झालं आणि कसं.

तानूबाईंनी लुगडं खाली घेतलं.

“लई चांगलं धुतलंयस,” त्या म्हणाल्या. “लख्ख निगालं. बसा, घोटभर च्या घ्या.”

सुनेने चहा केला. आम्ही प्यायलो. पाऊसपाण्याचं विचारणं झालं. माझं गाव कुठलं, मुलं किती, तेही झालं. लुगडं तानूबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या त्याच्या घड्या घालून पुन्हा मोडत होत्या. कपबशा उचलायला सून आली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. गोधडीत आतून घालायला कापड कमी पडतंय म्हणत होतीस ना, हे घे, म्हणाल्या.

सून घुटमळली. आज्जीचं न्हवं का हे, तिने विचारलं.

“व्हतं.”

सुनेने लुगडं हातात धरून मध्य शोधला. दंड तिच्या बोटांना लागला. हितनं कापू का, तिने विचारलं.

“हितनंच काप. आयतीच शिवण हाय.”

केतकीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा हात अर्धा पुढे गेला होता. तो तसाच राहिला. कात्री लागताना आवाज फार झाला नाही, कापड जुनं होतं.

तानूबाई आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. बाईंच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

दिवेलागणीला मिरजेत पोचलो. मास्तर तिथेच, त्याच जागी बसलेले. सगळं मी सांगितलं. बाई दारात उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांना एकच विचारलं.

“कापायच्या आधी मागितलंस?”

“नाही.”

“दिलं असतं तिनं.”

“माहीत आहे.”

मास्तरांनी चाचपत माझं मशीन गाठलं. त्यावरचं झाकण काढलं आणि स्टूल ओढून मशीनसमोर ठेवलं.

“आता शिव.”

केतकीबाई बसल्या नाहीत. आता शिवलं तर तोही एक फोटोच होईल मास्तर, म्हणाल्या. त्यांनी मास्तरांच्या पायांना हात लावला आणि आठ दहाच्या रेल्वेगाडीने मुंबईला गेल्या. सोमवारी चित्रीकरण ठरल्या वेळी सुरू झालं. कपडे दुसऱ्या माणसाने दिले.