तो उंदीर कोणता होता

“...पण मग त्यातला कोणता, आक्का?”

श्रीधर गावंडे मठाच्या ओट्यावर बसून विचारत होते. पायाशी तारेचा पिंजरा होता. पिंजऱ्यात एक लहानसा उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

दुपार कलली होती. सावळापूरच्या बाहेर, नदीच्या अंगाला असलेल्या या मठात तपस्विनी राहत. भिक्षा मागून आणत, आल्यागेल्याला जेवू घालत, आणि कुठलाही जीव मारत नसत. आक्का त्यांच्यात सगळ्यात वडील. डोळे अधू झाले होते. गावातली माणसं अडलंनडलं विचारायला त्यांच्याकडे येत.

गावंडे त्यांतले नव्हते. ते पूर्वी एकदाच आले होते, तेही नगरपालिकेच्या कामाने.

नगरपालिकेत त्यांच्याकडे उंदरांचं काम होतं. कुठल्या गल्लीत उंदीर झाले, कोणत्या जातीचे झाले, कशाने आवरतील, हे तेच ठरवत. गावात त्यांच्यासारखी पारख कुणाला नव्हती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लेंडी बघून ते उंदीर सांगत. भिंतीच्या कडेचा तेलकट पट्टा बघून त्याची रोजची वाट सांगत. लोक मेलेलं जनावर कागदात गुंडाळून दारात आणत. गावंडे नुसतं शेपूट बघत, नाव सांगत, आणि हातातला चहा पुरा करत.

त्या भेटीत त्यांनी मठाची कोठी पाहिली आणि औषध टाकावं लागेल म्हणून सांगितलं. आक्कांनी नको म्हटलं. गावंडे हसले होते. सरसकट मारा असं माझंही म्हणणं नाही, म्हणाले होते. पण कोणता मारायचा आणि कोणता आपल्या पायांनी निघून जाईल, हे ज्याला ओळखता येतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

मग या साली पाऊस थांबेना. शेतातली बिळं भरली, नाल्या तुंबल्या, आणि पाणी ओसरता ओसरता गावात ताप आला. डॉक्टर लेप्टो म्हणाले. गाव उंदीरताप म्हणू लागलं.

गावंड्यांची बायको त्यात गेली. कुमुद तिचं नाव.

आधी ती पोटऱ्या दुखतात म्हणाली. गावंड्यांनी तेल लावून चेपून दिल्या. मग डोळे लाल झाले. मग पिवळे. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत लघवी बंद झाली होती.

हे सगळं गावंडे आता आक्कांना सांगत होते. आवाज चढत नव्हता. रोजच्या कामाची हकीगत सांगावी तसे सांगत होते.

तेरावं झालं आणि त्यांनी घरभर पिंजरे लावले. मग गल्लीभर. जो सापडला तो हातात घेऊन पाहिला. घरउंदीर, छपरावरचा काळा, शेतातून आलेला पांढऱ्या पोटाचा. प्रत्येकाची जात ठरवली आणि शहरातल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले. ओळखीचा माणूस होता तिथे. त्याने मन लावून तपासले.

एकातही रोग निघाला नाही.

ताप येण्याच्या आधी कुमुदने मोरीपाशी एक उंदीर दाखवला होता. गावंड्यांनी वाकून पाहिला आणि तिला सांगितलं, हा शेतातला आहे, बीळ बुडालं म्हणून आलाय, वापसा झाला की जाईल. तोही नंतर त्याच मोरीपाशी सापडला. पांढऱ्या पोटाचा, आखूड शेपटीचा, शेतातलाच. तोही निरोगी होता.

“माझी ओळख चुकली नव्हती,” गावंडे म्हणाले.

आक्का ऐकत होत्या.

“कुठेच चुकली नव्हती, आक्का. डॉक्टर म्हणतात, तिच्या टाचेला भेग होती. पाण्यातून गेली असेल. बाजारात, नाल्यापाशी, देवळाच्या आवारात... कुठेही.”

ते थांबले.

“कुठेही म्हणजे कुठे?”

ओट्याखाली एक कुत्रं येऊन बसलं आणि पिंजऱ्याचा वास घेऊन उठून गेलं.

गावंड्यांनी मान खाली घातली. चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं काहीसं ते पुटपुटले. चूक निघाली असती, तर ती धरून बसता आलं असतं. माझ्यामुळे गेली, एवढं तरी म्हणता आलं असतं. आता तेवढंही हातात नव्हतं.

मग त्यांनी पिंजरा पुढे सरकवला. हा आज सकाळी स्वयंपाकघरात सापडला होता. कुमुदचे सगळे डबे होते तसेच होते. त्यांच्या मागे हा होता. गावंड्यांनी तो उजेडात नेला, उलटासुलटा पाहिला, आणि त्यांना त्याचं नाव सुचेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. म्हणून तडक इकडे आले होते.

“तुम्ही सांगा. हा कोणता?”

“मला कुठे कळतं त्यातलं?” आक्का म्हणाल्या.

“मग मारू की सोडू, एवढं सांगा.”

“कळला असता तर?”

“तर मारला असता. नाहीतर सोडला असता. ठरवता आलं असतं.”

“...”

आक्कांच्या त्या गप्प बसण्याने गावंड्यांच्या आत काहीतरी पेटलं. त्यांनी मठाच्या कोठीकडे हात केला आणि नाही नाही ते बोलून गेले. उंदीर इथूनच येतात, म्हणाले. तुम्ही दाणे टाकता, पोसता, वाढवता, आणि पुण्य तुमच्या पदरात पडतं. मरायला गावातल्या बाया.

“येत असतील,” आक्का म्हणाल्या.

त्या भिंतीला धरून उठल्या. दारातून आत बोट दाखवलं.

आत बसकरं मांडलेली होती. संध्याकाळच्या पाठाला तपस्विनी तिथे बसत. मधलं एक बसकर गुंडाळून भिंतीला उभं केलेलं होतं.

“द्वारकाचं आहे,” आक्का म्हणाल्या.

गावंड्यांना द्वारका माहीत नव्हती. आक्कांनी थोडक्यात सांगितलं. लहानपणीच मठात आली होती. आक्कांच्या हाताखाली वाढली. आक्कांचे डोळे अधू झाल्यावर तीच त्यांना पोथी वाचून दाखवायची, न्हाऊ घालायची, कोठी सांभाळायची. तिलाही तोच ताप आला. कुमुद गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच दवाखान्यात, ती गेली.

गावंड्यांना आठवलं. बायकांच्या खोलीत दाराजवळची खाट. राखाडी कपड्यातली एक पोरसवदा बाई. पाण्याचा तांब्या आणायला जाता-येता ते त्या खाटेला वळसा घालून गेले होते. खाटेशी कुणीतरी म्हातारं माणूस खाली फरशीवर बसलेलं असायचं. चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

“ते तुम्ही होता...”

“हो.”

“आणि तरीसुद्धा तुम्ही औषध टाकलं नाही?”

“नाही.”

“का?”

आक्का पुन्हा ओट्यावर बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

गावंडे त्यांच्याकडे बघत राहिले.

“आधी माहीत होतं. मी तिला लहानपणी सांगितलं होतं, आपण कुणाला दुखवत नाही, आपल्याला कुणी दुखवणार नाही. ताप चढला तेव्हा ती मला तेच सांगत होती. मला धीर देत होती. मी हो म्हणत होते.”

एवढं बोलून आक्कांनी पदर नीट केला. नदीकडून वारा आला आणि दार आपटलं. आतून एका तपस्विनीने येऊन ते लावून घेतलं. आक्कांना काही हवं का, असं तिने विचारलं. आक्कांनी नको म्हटलं. ती आत गेली.

गावंडे उठू लागले. आपण इथे कशाला आलो, हेच त्यांना कळेना. इथेही काही नव्हतं. त्यांनी पिंजऱ्याच्या कडीला हात घातला.

“थांब,” आक्का म्हणाल्या. “मला शिकव.”

“काय?”

“हे ओळखायचं कसं ते.”

गावंड्यांना आधी ती थट्टा वाटली. पण आक्कांनी पिंजरा स्वतःकडे ओढून घेतला होता आणि त्यावर वाकून डोळे बारीक केले होते.

“दिसतंय का तुम्हाला?”

“काहीतरी हलतंय. तू सांग.”

गावंडे बसले. सांगू लागले. आधी शेपूट बघायचं, म्हणाले. छपरावरच्या काळ्याचं शेपूट अंगापेक्षा लांब असतं, त्याच्याच तोलावर तर तो तारेवरून चालतो. घरउंदीर अंगाने एवढासा, कान मोठे, शेपूट जवळजवळ अंगाएवढं. शेतातला त्याहून नाजूक, पोट पांढरं, आणि पाठीचा रंग जिथे संपतो तिथे रेघ ओढल्यासारखी कड.

आक्का त्यांच्या मागे एकेक शब्द म्हणत होत्या. कुठे चुकल्या की गावंडे दुरुस्त करत. आक्का ते पुन्हा म्हणत.

लेंडी सांगितली. घरउंदराची बारीक, दोन्ही टोकांना निमुळती. मोठ्याची खारकेच्या बीसारखी. वास सांगितला. कुरतडलेल्या पोत्याची कड कशी दिसते ते सांगितलं.

“आणि लहान असला तर?” आक्कांनी विचारलं. “याच्यासारखा?”

“लहान असला की फसतो माणूस. मोठ्या जातीचं पिल्लू आणि पुरता वाढलेला घरउंदीर सारखेच दिसतात. मग पाय बघायचे. पिल्लू असलं की पाय आणि डोकं अंगाच्या मानाने...”

ते बोलता बोलता थांबले. पिंजऱ्यावर वाकले.

कोपऱ्यात बसलेल्या त्या जिवाचे मागचे पाय अंगाला शोभत नव्हते. मोठ्या भावाच्या वहाणा घातल्यासारखे होते. डोकंही तसंच, जड.

“काळ्याचं पिल्लू आहे,” गावंडे म्हणाले. “छपरावरच्या. आईपासून नुकतंच सुटलेलं.”

“नक्की?”

“नक्की.”

“चुकत नाहीस ना?”

“नाही.”

गावंड्यांनी हात मांडीवर ठेवले.

“कळलं तर,” आक्का म्हणाल्या.

“हो.”

“हलकं वाटलं का?”

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. गावंड्यांनी मान हलवली. आक्कांना दिसणार नाही हे लक्षात आल्यावर ते नाही म्हणाले.

“मलाही नाही वाटलं,” आक्का म्हणाल्या.

त्यांनी पिंजऱ्यावरून हात फिरवला. दाराची खिट्टी शोधत होत्या. बोटं तारेवरून सरकत राहिली, चुकीच्या बाजूला गेली, परत आली. त्या मदत मागत नव्हत्या. गावंडे बघत होते. हा उंदीर कोणता ते त्यांना आता ठाऊक होतं, आणि कळला तर मारीन असं ते स्वतःच म्हणाले होते.

त्यांनी आक्कांचं बोट धरलं आणि खिट्टीवर ठेवलं.

दार उघडलं. पिल्लू हललं नाही. दोघंही वाट बघत बसले. मग ते दारापर्यंत आलं, नाक वर केलं, ओट्याच्या कडेने पळालं आणि कोठीच्या भिंतीखालच्या फटीत शिरलं.

गावंड्यांनी ते पाहिलं. सांगितलं नाही. आक्कांनीही विचारलं नाही.

घरी जायची वेळ झाली होती. घरी कुणी नव्हतं. गावंड्यांनी रिकामा पिंजरा उचलला, दंडवत केला, दोन पायऱ्या उतरले आणि तिथेच उभे राहिले.

“आक्का... आता मी काय करू?”

आक्कांनी तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं.

“उद्या ये. तुझं चिचुंद्रीचं सांगायचं राहिलं.”