रंग उडालेली रायफल

मी धोंडजी रणपिसे, शिरवली संस्थानच्या शिकारखान्याचा हवालदार. माझा नेम असा, की समोर भिंत असली तरी ती निर्धास्त असायची. नरभक्षक वाघाने दोन गुराखी मारले, तेव्हा राजेसाहेबांनी सोन्याच्या नक्षीची नवी रायफल काढली. तिचा गोळी भरायचा बोल्ट वेळीअवेळी अडकायचा, पण सरकारांच्या पसंतीला नावं कोण ठेवणार? मी आपली जुनी, रंग उडालेली रायफल पुढे केली.

"हिनं तू किती वाघ मारलेस?" राजेसाहेबांनी विचारलं.

"एकही नाही, सरकार."

दरबार खदखदून हसला. "आणि तू आम्हाला रायफल निवडून देणार?"

मी हात जोडले. "सरकार, वाघ दिसला की माझे हात कापतात. एक गोळी झाडाला लागते, दुसरी आभाळात जाते. असल्या हातांतही हिचा बोल्ट कधी अडकला नाही, बारावर बार निघाले, वाघ आवाजानेच पळाले, म्हणून सात वेळा जिवंत परतलो. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. मग ते कुणाचं?"

राजेसाहेबांनी जुनी रायफल उचलली.

वाघ राजेसाहेबांच्या चौथ्या गोळीला पडला. पहिल्या तीन कुठे गेल्या, ते मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.