सिदूभाऊ सासूबाईंना घेऊन फेझला जातो

माणदेशातल्या एका गावात सिदूभाऊ नावाचा एक भोळा जावई होता. भोळा हा आपला चारचौघांत बोलायचा शब्द. त्याची बायको सगुणा घरात वेगळा शब्द वापरायची.

सगुणाच्या आईला, म्हणजे चंपूबाईंना, फिरायचा भारी नाद. या खेपेला मोरोक्को देशातलं फेझ नावाचं जुनं शहर ठरलं. मायलेकी जाणार होत्या. पण ऐनवेळी म्हैस व्यायला झाली. सगुणा मागं राहिली आणि तिच्या जागी सिदूभाऊ विमानात बसला.

"आईला धडधाकट परत आणा," सगुणानं बजावलं. "ती सांगेल तसंच वागा. तिच्याशिवाय आलात, तर मी या घरात राहणार नाही."

"बरं," सिदूभाऊ म्हणाला.

फेझच्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरतच नाही. सगळं सामान गाढवावर. मागून एक गाढववाला "बालाक! बालाक!" करत आला.

"भिंतीला चिकटा!" सासूबाई म्हणाल्या. "मागून कुणी ओरडत आलं की बाजूला व्हायचं आणि त्याला पुढं जाऊ द्यायचं."

"बरं."

जरा वेळानं सासूबाई एका वळणावर मागं राहिल्या. "अहो जावईबापू, थांबा!" असं ओरडत त्या पळत आल्या. सिदूभाऊ भिंतीला चिकटला आणि त्यानं अदबीनं त्यांना पुढं जाऊ दिलं. सासूबाई गर्दीत पार वाहून गेल्या. परत आल्या तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

"डोकं आहे का खोकं? हाक मारणाऱ्याचा हात धरायचा. सोडायचा नाही!"

"बरं."

पुढं एक चपलांचा दुकानदार गिऱ्हाइकांना हाका मारत होता. सिदूभाऊनं त्याचा हात धरला. तो सोडवून घेतोय, हा सोडत नाही. शेवटी दुकानदाराचे भाऊ आले आणि ओढाओढ झाली, तेव्हा कुठं बिचारा सुटला.

"बोलावणाऱ्याकडं बघायचंच नाही!" सासूबाई कडाडल्या. "हात जोडायचे, 'नको' म्हणायचं आणि चालू लागायचं."

"बरं."

संध्याकाळी मुक्कामाच्या घराचा मालक पुदिन्याचा चहा घेऊन दारात उभा. "या, या" अशी खूण करत होता. सिदूभाऊनं हात जोडले. "नको," म्हणाला आणि चालू लागला. गल्ल्यांतून फिरून पुन्हा त्याच दारात आला. पुन्हा हात जोडले. मालकाचा चहा निवला, तोंड उतरलं.

"अहो, अपमान होतो त्यांचा!" सासूबाईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं. "इथं कुणी चहा दिला की बूट काढायचे, ऐसपैस बसायचं, आपलंच घर समजायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी गालिच्यांच्या दुकानात चहा मिळाला. सिदूभाऊनं बूट काढले. सदराही काढला. मग नव्याकोऱ्या गालिच्यावर आडवा होऊन घोरू लागला. गिऱ्हाइकं त्याला ओलांडून जाऊ लागली. लाजेकाजेस्तव सासूबाईंना तो गालिचा विकत घ्यावा लागला. सिदूभाऊ तो उचलायला गेला आणि गालिच्यासकट खाली बसला.

"ठेवा तो! जड वस्तू आपण वाहायची नसते. इथं ठेवायची, पत्ता द्यायचा. ही माणसं जहाजानं घरपोच करतात."

"बरं," सिदूभाऊ म्हणाला. हे मात्र त्याला मनापासून पटलं.

निघायच्या दिवशी सासूबाईंचा गुडघा धरला. विमानाची वेळ झालेली.

"जावईबापू, पाऊल उचलत नाही हो. मला उचला!"

सिदूभाऊनं उचलून पाहिलं. कंबर कडकड वाजली. समोरच गालिच्यांचं दुकान होतं. त्यानं सासूबाईंना थप्पीवर नेऊन बसवलं. चहा आला. सासूबाईंना बरं वाटलं, त्यांनी डोळे मिटले. सिदूभाऊनं त्यांच्या पदराला पत्त्याची चिठ्ठी टाचली. दुकानदारानं तिथल्या रीतीनं छातीवर हात ठेवून मान लववली. म्हणजे काम पक्कं झालं.

घरी सगुणा दारातच उभी होती. "आई कुठंय?"

"येतायत. जहाजानं."

सगुणाच्या हातातली दुधाची चरवी खाली पडली.

"अगं, घाबरतेस काय? पत्ता नीट लिहिलाय," सिदूभाऊ म्हणाला. "फक्त दाराची एक फळी काढून ठेवू. उभ्या पाठवणार का गुंडाळून, ते विचारायचं राहिलं."