एक इसम जखमी

स्वातंत्र्य आल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. सोलापुरात तात्या खळदकर नावाचे संपादक होते. त्यांचं दैनिक चार पानी, पण गावात वजन मोठं. हाताखाली चिंतामणी राजोपाध्ये बातमीदारी शिकत होता. नुकता बी.ए. झालेला, सदरा इस्त्रीचा, आणि मान सदऱ्याहून ताठ. आणि जवळच्याच खेड्यात सोनबा लिपारे नावाचा कोष्टी राहत होता, त्याची बायको ठकूबाई.

सोनबा लुगडी विकायला शहरात गेला, तो परतलाच नाही. तिसऱ्या दिवशी ठकूबाई दैनिकाच्या कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात चुरगळलेला अंक.

"दादा, ह्यात मोटारीखाली सापडलेला माणूस हाय म्हनं. वाण्यानं वाचून दावलं. त्यो आमचा हाय का बघा."

बातमी चिंतामणीचीच होती. त्याने वाचली. "'स्टेशनरोडवर एक इसम मोटारीखाली सापडून जखमी झाला. त्यास दवाखान्यात नेण्यात आले.' एवढंच आहे, बाई."

"कंच्या दवाखान्यात?"

"ते नाही लिहिलं."

तात्यांनी लेखणी खाली ठेवली. "चिंतोपंत, तुम्ही त्याला पाहिलंत ना?"

"पाहिलं की."

"कसा होता?"

"कसा म्हणजे... इसमच होता."

तेव्हाची रीतच तशी, बरं का. अंगात कोट, डोक्यावर टोपी असली की वर्तमानपत्रात छापायचे गृहस्थ. कपडे मळके असले की इसम. हे कुणाला शिकवावं लागत नसे.

तात्यांनी त्याच अंकाचं पान उलटलं. "वकीलसाहेबांची छत्री हरवली, ही बातमीही तुमचीच. मूठ वेताची, पितळी कडी, कापडाला आतून ठिगळ... ही छत्री मी जत्रेतसुद्धा ओळखेन."

"गावली का त्यांची छत्री?" ठकूबाईने विचारलं.

"...सापडली," चिंतामणी म्हणाला. मग उगाच आवाज चढवून, "बाई, नवऱ्याचं नाव तरी सांगा. काही चौकशी करता येईल."

ठकूबाईने पदर ओठांशी धरला आणि खाली पाहिलं.

"बघा, तात्या. हीच नाव घेत नाही. मग मी काय लिहायचं होतं?"

"ती घेत नाही, कारण तो तिचा आहे... तुमचं काय कारण?"

तात्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

"जा तिच्याबरोबर."

पहिल्या दवाखान्यात तसा कुणी नव्हता. दुसऱ्याच्या व्हरांड्यात ओळीने माणसं निजलेली. डोकी बांधलेली, तोंडं सुजलेली. शिपाई आडवा आला. "कुणाला भेटायचं? नाव सांगा. नावाशिवाय आत सोडत नाही."

चिंतामणीने ठकूबाईकडे पाहिलं. तिने शिपायाकडे.

"बाई, उखाण्यात तरी घ्या," चिंतामणी हळूच म्हणाला.

"लग्नात घेतला हुता. आता कुठला आठवतोय."

ती जरा वेळ उंबऱ्यापाशी उभी राहिली... आणि मग तिने मोठ्यानं हाक मारली, "सोनबा लिपारे..."

व्हरांडा चिडीचूप झाला. तिकडच्या टोकाकडून खोल गेलेला आवाज आला, "कोन गं? चारचौघांत नाव घेतीस व्हय माझं?"

ठकूबाई खाली बसली ती हसतच. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळी चिंतामणीने नवी बातमी लिहून तात्यांपुढे ठेवली. 'मोटार अपघातात जखमी झालेले विणकर गृहस्थ श्री. सोनबा लिपारे यांच्या पायाचे हाड बसवण्यात आले असून, ते येत्या आठवड्यात पत्नीसह घरी जातील.'

तात्यांनी वाचली. 'गृहस्थ' या शब्दावर काट मारली.

"तात्या, तो मी मुद्दाम घातला होता. मान म्हणून."

"नाव विचारलंत ना?"

"विचारलं. गावही विचारलं. मुलं किती, तेही."

"झालं तर, मान त्यातच आला... आता त्यांना घरी जाऊ द्या."