मूठभर वाळूतली मासळी

एक होता राजा. त्याचं राज्य उंच डोंगरावर, ढगांच्या शेजारी. राणी मात्र त्यानं आणली होती खालची, समुद्रकाठची. नाखव्याची लेक. नाखवा म्हणजे होडीचा धनी, बरं का. राणीचं नाव पोवळी.

त्या किनाऱ्याची एक रीत होती. लेक सासरी निघाली की आई तिच्या पदराला मूठभर वाळू बांधायची. पोवळीच्याही बांधली. आणि राजवाड्याची रीत काय, तर वाळूचा एक कण उंबरठ्याच्या आत यायचा नाही. दासींनी नव्या राणीचे पाय तीनदा धुतले. पदराची गाठ मात्र कुणी सोडून पाहिली नाही.

मग काय झालं, राणीला झोपच येईना. दिवस मावळला की ती गाठ मुठीत धरून खिडकीत बसायची. समोर डोंगर, त्याच्या मागे आणखी डोंगर. राजा मनानं भला. म्हणाला, "तुला काय आणू?"

"समुद्र," राणी म्हणाली.

एवढंच ना, राजाला वाटलं. त्यानं भिंतीएवढी काचेची पेटी करवली. शंभर बैलांवर पखाली लादून खारं पाणी आणवलं. मग राणीच्या बापाच्या खडकाजवळची एक मासळी आणवली. हिरवीगार, गालांवर निळ्या रेघा, लग्नाला नटून निघाल्यासारखी. राणीनं तिला लगेच ओळखलं. लहानपणी ओहोटीच्या पाण्यात तासन् तास बघत बसायची ना.

आता ही मासळी कशी, तर सूर्य बुडाला की वाळूत तोंड खुपसते आणि अख्खी आत शिरते. वाळू हेच तिचं अंथरूण, वाळू हेच पांघरूण. पेटीला तर नुसता काचेचा तळ. बिचारी फिरतेय आपली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

राणी म्हणाली, "महाराज, तिला वाळू घाला."

राजा हसला. "राजाच्या घरी वाळू? मोती ओता."

मोती ओतले. मासळीनं सूर मारला, तिचं तोंड ठेचलं. मग मखमल अंथरली. तिच्यात ती गुरफटली. मग सोन्याचा चुरा घातला. तो इतका जड, की तिला बाजूला सारता येईना. हिरवा रंग फिका पडला. निळ्या रेघा पुसट झाल्या. चौथ्या दिवशी मासळी आडवी तरंगायला लागली.

राणीनं गाठ चाचपली. ही वाळू गेली की माहेरचं जवळ काहीच उरणार नव्हतं. कितीतरी वेळ ती तशीच उभी. मग तिनं दातांनी गाठ सोडली आणि पाण्यात मूठ उघडली.

मासळी खाली वळली. तोंड घातलं, डोकं घातलं, अंग घातलं. पण मूठभर वाळू ती केवढी. शेपटी बाहेरच राहिली, थरथरत.

राजा आला आणि ती शेपटी बघून हसायला लागला. मग त्याला राणीच्या पदरावर सुटलेल्या गाठीच्या चुण्या दिसल्या.

"ही वाळू कुठली गं?"

"आईनं बांधलेली. तीच उशाशी घेऊन पडत होते. झोप काही लागली नाही."

राजाचं हसू थांबलं. उजाडताच त्यानं पालखी मागवली. मासळी हंड्यात, हंडा राणीच्या मांडीवर.

किनाऱ्यावर म्हातारा नाखवा जाळं सांधत होता. हंड्यात डोकावून म्हणाला, "जावईबापू, पाणी नेलंत, मासळी नेलीत. अंथरूण कसं विसरलात?"

राजानं हंडा स्वतः उचलला आणि पाण्याकडे निघाला.

सूर्य बुडता बुडता राणीनं खडकाशी हंडा कलता केला. मासळी सुळकन गेली आणि वाळूत शिरली, शेपटीसकट. राणी आईशेजारी चटईवर जी झोपली, ती उन्हं अंगावर येईपर्यंत. राजा बाहेर वाळूत बसला होता, त्याचाही तिथंच डोळा लागला.

मग राजानं उंबरठ्यावर पाय धुवायची रीतच बंद केली. वर्षातले सहा महिने राणी समुद्रावर राहू लागली. काचेची पेटी रिकामीच राहिली. डोंगरावर असली की पोवळी अजूनही संध्याकाळी खिडकीत बसायची, नवी गाठ मुठीत धरून. पण आता झोप यायची. परत जायचंय, हे ठाऊक होतं ना तिला. अशी ती सगळी सुखानं नांदली.

चला, आता पांघरुणात शिरा बघू. आणि शेपट्या आत घ्या.