सहा सळ्यांचं घुबड

त्या राज्यात कशाची किंमत कशावरून ठरते, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

आधी सगळं सोपं होतं. लोखंडी सळ्या चालत. हातात सहा मावत, म्हणून सहांची एक मूठ. मुठीला धान्य मिळे. नाहीच मिळालं तर त्याच सळ्यांवर मांस भाजता येई. पुढं चांदीचं घुबड आलं, नखाएवढं नाणं. म्हणालं, मी म्हणजे सहा सळ्या. आता त्याच्यावर काय भाजणार, कपाळ? पण न्यायला हलकं, म्हणून लोकांनी मानलं. शेवटची मूठ देवळात टांगली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. याला म्हणे मान देणं म्हणतात.

बाजारात छिन्नी बसे. आलेल्या घुबडाच्या पाठीत ती घाव घाली. आत चांदी दिसली की घुबड खरं. दुखे, पण पुढं जन्मभर कुणी शंका घेत नसे.

मग लढाई लागली, चांदी आटली. राजवाड्यातून नवी घुबडं आली, गुळगुळीत, आणि मागोमाग हुकूम: घुबडाला जखम करणं हा राजद्रोह. छिन्नीला फडक्यात गुंडाळून ठेवलं. लोक गोंधळले. जखम गुन्हा, तर जखमवाला गुन्हेगारच असणार, असा त्यांनी हिशेब लावला. जखमी घुबडं भट्टीत घालायचं ठरलं.

एक जुनं घुबड धावत छिन्नीकडं गेलं. तू घाव घातलास, तूच सांग, म्हणालं. फडक्यातून आवाज आला, मी सध्या काही पाहिलेलं नाही. तिथून ते देवळात गेलं.

"बायांनो, मी तुमच्याच नावावर जगलो. खरा आहे एवढं बोला."

थोरली सळई म्हणाली, "आम्ही आता देवाच्या, बाबा. आमची साक्ष धरतात का, तेही कुणी सांगितलेलं नाही."

संध्याकाळी ते घुबड वितळलं. त्याच्या चांदीचा पातळ मुलामा तांब्याच्या शंभर घुबडांवर चढला. सकाळी ती शंभर बाजारात रांगेनं बसली आणि एका सुरात म्हणाली, मी म्हणजे सहा सळ्या.

देवळापर्यंत ऐकू गेलं. सळ्यांनी वरपासून खालपर्यंत एकमेकींना मोजलं, मग खालून वर मोजलं. सहाच होत्या.