वरच्या खोलीतले वाचन

“पण पुसलं कुणी आणि कधी, हे यंत्राला ठाऊक असेल की नाही, बाई?”

कुमुदबाई खरे समोरच्या रिकाम्या पडद्याकडे पाहत होत्या. मुकुलच्या वडिलांचे, आबांचे, तेरावे उरकल्यावर त्या भेटायला आल्या होत्या. पण आबांविषयी दोन शब्द बोलायच्या आतच मुकुल धारपाने त्यांना जिना चढवून आपल्या खोलीत, संगणकापुढे आणून बसवले होते.

विद्यापीठात त्यांनी त्याला हेच शास्त्र शिकवले होते. तो त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. असे त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. तो म्हणत असे.

“पहिल्यापासून सांग.”

“आबांची नजर अधू झाली होती. वाचून दाखव म्हणाले. रोज खाली जाऊन बसणं मला कुठलं जमायला? मी इथं वाचून रेकॉर्ड करायचो. त्यांच्या यंत्रावरचा एक फोल्डर या यंत्राला जोडून दिला होता. मी वर ठेवायचं, त्यांनी खाली ऐकायचं. दोन्हीकडे लिनक्स प्रणाली, सगळं मी स्वतः उभं केलेलं. कुणाला एका शब्दानं विचारलं नाही.”

“ते दिसतंच आहे.”

मुकुलने टोमणा गिळला.

“पावसाळाभर वाचलं, बाई. अख्खं प्रवासवर्णन. मग ते दवाखान्यात गेले, आणि मी हे यंत्र लावलंच नाही. काल आधी खालचं लावलं, मग हे. दोन्हीकडे फोल्डर रिकामा. आबांनी सगळं पुसून टाकलं.”

“पुसताना पाहिलंस?”

“रिकामं पाहिलं.”

“मग तेवढंच म्हण.”

खाली अंगणात कुणीतरी आबांची गादी उन्हात टाकली होती. मुकुलने खिडकीकडे पाठ केली. मृत्यूचे दुःख त्याने चारचौघांत नीट पेलले होते. हे मात्र त्याला पेलत नव्हते.

“एकदाही म्हणाले नाहीत, बरं वाचतोस म्हणून. दारात उभा राहिलो की एकच प्रश्न. ‘कामात आहेस का रे फार?’”

“तू काय सांगायचास?”

“हो म्हणायचो.”

…

“हे यंत्र तू केव्हा लावायचास?” बाईंनी विचारले.

“पहाटे. वाचायचं, ठेवायचं, बंद करून ऑफिस गाठायचं.”

“आणि त्यांचं?”

“दुपारी. उठून बसले की…”

तो थांबला. मग घाईने म्हणाला, “जोडलेलं होतं, बाई! पहिल्या दिवशी आबांच्या उशाशी बसून मी स्वतः तपासलं होतं.”

“त्या दिवशी तू खाली होतास. त्यांचं यंत्र चालू होतं.”

चहाच्या बशा टेबलावर तशाच पडल्या होत्या. बाईंनी पर्समधून एक लवंग काढली, बशीत ठेवली, आणि तिच्यावर दुसरी बशी अलगद बसवली.

“काय दिसतं?”

“रिकामी बशी.”

“वरची.”

…

“त्यांचं यंत्र बंद असताना इथली ही जागा तुझीच असते. ठेवशील ते तुझ्याचकडे राहतं; यंत्र तक्रार करत नाही. ते चालू असताना हे लावलंस, की त्यांचा रिकामा फोल्डर या जागेवर येऊन बसतो आणि तुझं झाकलं जातं.”

त्यांनी कळफलक पुढे ओढला आणि एक ओळ टंकली. जोडणी सुटली.

रिकामा पडदा भरू लागला. पहिले प्रकरण, दुसरे, तिसरे… पावसाळाभराचे वाचन एकाखाली एक उभे राहिले.

“म्हणजे आबांनी पुसलं नव्हतं!” मुकुलचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. “बाई, त्यांनी काहीच पुसलं नव्हतं! सगळं इथंच होतं!”

“इथंच होतं.”

…

चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू उतरला.

“म्हणजे खाली…”

“खाली काहीच पोचलं नाही.”

“रोज दुपारी ते उघडायचे, बाई. मोठ्या आकाराचं ते एक चिन्ह, तेवढं त्यांना दिसायचं. मीच करून दिलं होतं…”

बाईंनी पहिल्या प्रकरणावर बोट ठेवले. खोलीत मुकुलचाच आवाज उमटला: स्वच्छ, घोटलेला, एकेक अक्षर तोलून टाकलेला.

“आबा, आजपासून सुरू करतो. थकलात की सांगा, थांबेन…”

मुकुलचा हात झेपावला. बाईंनी तो मनगटाशी धरला.

“बंद करू नकोस. हे अजून कुणीच ऐकलेलं नाही.”